दिवस मावळायच्या आत

मुंजाबामामांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वेल्डिंग लाइनचा सुपरवायझर, आणि मामा नव्या पोरापोरींना काम शिकवणारे. माझा आवाज मशीनच्या खडखडाटावरून लाइनच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा आणि मला त्याचा अभिमान होता. मामांना कुणाला काही सांगायचं असलं की ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे, त्याने केलेला तुकडा हातात घ्यायचे आणि हळू बोलायचे. तुम्ही यांना लाडावून ठेवता आणि मग ती माझ्या बोकांडी बसतात, असं मी त्यांना पहिल्याच महिन्यात तोंडावर सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते चहाला निघून गेले.

ते लाड नव्हते, हे कळायला मला दोन वर्षं लागली. मामा कुणालाच 'छान' म्हणायचे नाहीत. ते जोडावर खडूने दोन रेघा मारायचे आणि म्हणायचे, इथून इथपर्यंत हात एकसारखा चाललाय, असाच चालव. उरलेल्या भागात काय झालं ते शिकणाऱ्यालाच विचारायचे. मग सुधारायला एक गोष्ट द्यायचे, एकच, आणि ती जमेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. चार चुका असतील तर चारही सांगून मोकळं व्हावं, असं मी एकदा म्हणालो. त्यावर ते म्हणाले, मोकळा तू होशील, तो नाही होणार.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो सकाळी आठच्या मीटिंगचा. आदल्या दिवशी ज्याने आपली चूक आपण होऊन सांगितली असेल, त्याचं नाव मामा सगळ्यांसमोर घ्यायचे आणि आभार मानायचे. चूक करणाऱ्याचा सत्कार कुठे असतो का?

मुकुंदवाडीहून कंपनीच्या बसने आम्ही शेजारी बसून जायचो. एका सकाळी मी असाच तणतणत होतो. पूर्वी म्हणे इथे चूक करणाऱ्याला लाल पेटीपाशी उभं करायचे, तेच बरं होतं, असं मी बोलून गेलो. लाल पेटी म्हणजे नापास माल टाकायची पेटी. मामा खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"उभं करणारा मीच व्हतो," ते म्हणाले.

मग त्यांनी गोकुळची गोष्ट सांगितली. गोकुळ पाचोड गावचा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याचा जोड फुटला म्हणून मामांनी त्याला तो तुकडा हातात देऊन पेटीपाशी अर्धा तास उभं केलं. लाइनवर त्याच्या गावची दोघं होती. रविवारी पाचोडच्या बाजारात गोकुळच्या वडिलांना लोक विचारायला लागले, काय हो, पोराला शिक्षा झाली म्हणे? त्यानंतर गोकुळ कामाला चोख झाला आणि मामांना वाटलं, औषध लागू पडलं.

तीन आठवड्यांनी त्याला पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर बसवलं होतं. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच ती प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहायला नको. त्यातलं एक बटण नीट चालेना. आपल्याच हातून बिघडलं असं गोकुळला वाटलं. सांगायला जावं तर पेटी समोर दिसत होती. त्याने ते बटण चिकटपट्टीने दाबून बांधलं आणि एका हाताने काम सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीआधी त्याची दोन बोटं गेली. दवाखान्यात त्याने मामांचीच माफी मागितली.

चार दिवसांनी मामा गावी गेले. त्यांचं घर मेंढपाळांचं. आई बानाबाई तेव्हा मेंढरांमागे होती. तिचा एक नियम होता, तो मामा लहानपणापासून पाळत आले होते. चरताना कोकरू चुकलं तर दिवस मावळायच्या आत सांगायचं. जो सांगेल त्याला मार नाही, कारण उजेड असेपर्यंत शोधता येतं. मामांकडून दोनदा कोकरू चुकलं होतं आणि दोन्ही वेळा ती एक शब्द न बोलता त्यांच्याबरोबर शोधायला गेली होती. मामांनी तिला गोकुळचं सांगितलं.

"त्या लेकरानं तुला उजेडात का नाय सांगितलं?" एवढंच तिने विचारलं.

हे सांगताना मामांचा आवाज साधाच होता. मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही. तरीही मी लगेच सुधारलो असं नाही. ओरडायची सवय अंगात मुरली होती.

यंदाच्या फेब्रुवारीत मामांच्या निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. माझ्या लाइनवर संस्कृती नावाची मुलगी होती, मामांनीच शिकवलेली, कामाला लागून सात महिने झालेली. त्या दिवशी तीन वाजता ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटांचा ट्रक निघाला. पावणेचारला ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते.

"सर, सकाळी सरावासाठी मी मशीनचा करंट कमी केला होता. परत वाढवायचा राहिला. माझा सगळा माल तसाच गेलाय."

करंट कमी असला की जोड वरून सुरेख दिसतो, पण आतून धरत नाही. आणि हे ब्रेकचं काम. कुणीतरी भर रस्त्यात पेडल दाबणार आणि ते निखळून येणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. डोक्यात तिडीक गेली. "तुला अक्कल," एवढं मी माझ्या त्या आवाजात बोललोही. सगळी लाइन आमच्याकडे बघायला लागली. संस्कृतीची नजर लाल पेटीकडे गेली.

तेवढ्यात मामा येऊन उभे राहिले. तिच्या शेजारी नाही, माझ्या. शिकणाऱ्याच्या शेजारी उभे राहतात तसे.

"भारत, दिवस अजून मावळला नाय," ते हळूच म्हणाले.

शटरबाहेर आवारात अजून ऊन होतं. मी आवाज उतरवला. मग तिला विचारलं, किती वाजल्यापासूनचा माल, आणि पेट्या कोणत्या? तिने सगळं बरोबर सांगितलं, आकड्यासकट. मी डिस्पॅचला धावलो. डिस्पॅचला आता गोकुळ असतो. त्यानेच ड्रायव्हरला फोन लावला. ट्रक वाटेतल्या केंब्रिज चौकातल्या गर्दीत अडकला होता, तिथूनच वळवला. साडेपाचच्या आत माल परत आला. तिच्या पेट्यांतले वीस तुकडे काढून आम्ही हातोड्याने ठोकून बघितले. अकरा निखळले. मी तिला जाऊन सांगितलं, ओरडलो ते चुकलं.

दुसऱ्या दिवशी आठच्या मीटिंगला मी मामांना म्हणालो, आज मी बोलतो. संस्कृतीचं नाव घेतलं. ट्रक गेल्यावर, कुणालाच काही कळलं नसताना, तिने येऊन सांगितलं आणि पेटीपेटीचा हिशेब तिने चोख दिला, हे सांगितलं. करंट वाढवायचा राहू नये म्हणून काय करायचं ते तिनेच ठरवून आजपासून आपल्याला दाखवायचं, हेही सांगितलं. मग सगळ्यांसमोर तिचे आभार मानले.

गोकुळ दाराशी उभा राहून ऐकत होता. मीटिंग मोडल्यावर मामा त्याच्याजवळ गेले. इतक्या वर्षांत त्या दोघांत त्या विषयावर एक शब्द झाला नव्हता.

"तुलाबी असंच माझ्याकडं येता आलं पायजे व्हतं," मामा म्हणाले.

"तिला येता आलं ना, मामा," गोकुळ म्हणाला. गेटवर गाडी थांबली होती, म्हणून तो गेला.

मामा टेबलावर खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या हातातच होता.