पालखीचा रकाना

राही धनावडेला माणसं सांभाळायला शिकवायला पुण्याहून माणूस आला, तेव्हा खरं तर हसायला हवं होतं. पण डॉक्टरांनी आणलेल्या माणसाला हसायचं कुणी?

हातखंब्याच्या तिठ्याजवळ डॉक्टर चारुदत्त बेहेऱ्यांचं साठ खाटांचं हॉस्पिटल आणि त्याला जोडून नर्सिंगचं कॉलेज. वीस वर्षांपूर्वी राही तिथे बाळंतिणींच्या वॉर्डात मावशी म्हणून लागली. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाची सासू खाष्ट, कुणाची शेवटची एसटी किती वाजता, सगळं तिच्या डोक्यात. म्हणून डॉक्टरांनी एकदा ड्युटीचा तक्ता तिच्याकडे दिला, तो तिच्याकडेच राहिला.

मग पुण्याहून मॅनेजर म्हणून अनिश टिळेकर आला आणि तक्ता त्याच्या संगणकात गेला. माणूस सज्जन, पण कोकणात नवा. गेल्या शिमग्याला त्याने कॅलेंडर उघडलं, अर्ध्या नर्सना होळीची, अर्ध्यांना धुळवडीची सुट्टी दिली आणि हात झटकले. आता रत्नागिरीत शिमगा काय कॅलेंडरला विचारून होतो? ग्रामदेवतेची पालखी पुढे कितीतरी दिवस घरोघर फिरते. गावागावाची तारीख वेगळी, वाडीवाडीची वेगळी. देवी दारात यावी आणि ओटी भरायला घरची सून नसावी, हे इथे कुणालाच सोसत नाही. मुंबईचे पुरुष रजा काढून येतात, तर तिठ्यावरच्या हॉस्पिटलातली पोरगी थांबेल होय? व्हायचं तेच झालं. कुणाला ताप, कुणाला जुलाब, एकीची आजी तर तिसऱ्यांदा वारली. एक वॉर्ड बंद ठेवावा लागला आणि पेशंट दुसरीकडे पाठवावे लागले.

डॉक्टरांनी यंदा स्पष्टच सांगितलं, "शिमग्यात एक खाट जरी बंद ठेवावी लागली, तरी मी बाहेरच्या एजन्सीच्या नर्स आणणार." करार टेबलावर होता, फक्त सही बाकी. बेचाळीस मुली घरी बसणार होत्या. त्यातल्या निम्म्यांच्या आईबापांना पोरीला नोकरीवर पाठवा म्हणून राहीने स्वतः जाऊन पटवलं होतं.

पण रडत बसणारी बाई नव्हे ती. अनिशच्या संगणकातल्या तक्त्यात तिने एक जास्तीचा रकाना घालायला लावला: पालखी.

"पालखी? हे रजेच्या कुठल्या प्रकारात बसतं?" अनिशने विचारलं.

"तुम्ही रकाना घाला, सर. बसवायचं माझ्याकडे लागलं."

आणि बाईने फोन लावायला सुरुवात केली. तीस गावं! प्रत्येक गावच्या गावकाराला, म्हणजे पालखीचा मान सांभाळणाऱ्या म्होरक्याला, एकच प्रश्न, पालखी कुठल्या वाडीत कधी? काही गावांचा शिमगा तेरसेला, म्हणजे त्रयोदशीला, काहींचा पौर्णिमेनंतर. तारखा मांडल्या तर कुठल्याच दिवशी चारपेक्षा जास्त मुली बाहेर जात नव्हत्या. अनिश तक्त्याकडे बघतच राहिला.

एका मंगळवारी मात्र घोडं अडलं. डायलिसिसच्या कामात तयार अशा दोघीच, वेदिका आणि संस्कृती, आणि दोघी एकाच वाडीतल्या, पालखीही त्याच दिवशी. डायलिसिसचा पेशंट काय उद्या या म्हणून परत पाठवायचा? राहीने स्कूटर काढली आणि थेट त्यांच्या गावचे गावकार गंगारामबाबांचं अंगण गाठलं.

"बाय, घरांचा क्रम मानाचा हाय. तो बदलायचा नाय," बाबांनी आधीच सांगून टाकलं.

"क्रम नका बदलू, बाबा. फक्त वेळ सांगा. पयलं घर किती वाजता, शेवटचं किती वाजता?"

बाबा बोटांवर घरं मोजू लागले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वेदिकाचं घर पहिल्या चारांत, सकाळी आठला. संस्कृतीचं शेवटी, दिवेलागणीला. "पण पोरं पालखी नाचवायला लागली की येळ माझ्या हातात ऱ्हात नाय," ते म्हणाले. मग जरा विचार करून पुढे म्हणाले, "बघतो. यंदा सकाळची चार घरं मी स्वतः पुढं चालतो."

मंगळवारी पहाटेपासून संस्कृती मशीनपाशी उभी होती. दुपारी एकला वेदिकाने यायचं होतं. साडेबाराला ती आली, कपाळावर गुलाल तसाच, आणि संस्कृती एसटीला पळाली. एकही पेशंट परत गेला नाही. शिमगाभर एकही खाट बंद राहिली नाही, आणि एकीचीही आजी वारली नाही!

गंमत पुढेच आहे. नर्सिंग कॉलेजच्या चाळीस जागा भराव्यात म्हणून अनिशने तिठ्यावर केवढा तरी फलक लावला होता. वर्षभरात अठरा मुली आल्या. आता राहीचा फोन वाजायला लागला. गावकार विचारत होते, "आमच्या वाडीतल्या दोन पोरी बारावीला हायत. शिमग्याला घरी धाडणारं कॉलेज तुमचंच ना?" पाडव्यापर्यंत सदतीस नावं लागली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावलं. अनिशही होता. त्याने करार पुढे सरकवला आणि म्हणाला, "एजन्सीला 'नको' म्हणून मीच कळवलं, राहीताई. हा तुम्ही फाडा."

राहीने डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तिने कागद उभा फाडला, मग आडवा फाडला. चार तुकडे टेबलावर नीट रचून ती म्हणाली, "आता गणपतीचं बोलू या, सर. ते सगळ्यांकडे एकाच दिवशी येतात."