भिंतीवरचा झोपलेला तोमिनेहो

कुस्तोदियो पाचोन निवृत्त झाला आणि आमच्या गल्लीची शांतता संपली. उभा जन्म त्याने पहाटे उठून गावाचे पाव भाजले. भट्टी पुतण्याच्या ताब्यात दिली, पण पहाटेची जाग कुणाच्या ताब्यात देणार? बोगोताला राहणाऱ्या मुलीने तिचा जुना कॅमेरा पाठवला, तेव्हा त्याच्या बायकोने, उबाल्दिनाने, देवाचे आभार मानले. महिन्याभरात ते परत घेतले.

कारण परसबागेत तिला धुणं वाळत घालायचीसुद्धा बंदी झाली. फुक्सियाच्या झुडपाला साखरपाण्याची बाटली टांगलेली, समोर स्टूल, स्टुलावर रुआना नावाची लोकरी घोंगडी कानापर्यंत ओढलेला कुस्तोदियो, आणि घोंगडीतून बाहेर आलेलं कॅमेऱ्याचं नाक. खार आली, बेडूक आला, शेजारच्या ओब्दूलियाची मांजर तर रोजचीच. ही सगळी मंडळी फोटोत झकास उतरली. उतरेना तो फक्त तोमिनेहो. बाहेरची माणसं त्याला हमिंगबर्ड म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, आला कधी, प्याला कधी, गेला कधी, पत्ता लागत नाही. कुस्तोदियोकडे रिकाम्या फांद्यांचे फोटो साठत गेले.

"कोंपाद्रे, दोस्ता, ही फांदी छान आलीये," दुकानदार नेपो गिऱ्हाइकांच्या देखत म्हणायचा. "मागच्या फांदीपेक्षा जरा हसरी आहे."

एक दिवस कुस्तोदियोचं डोकं फिरलं. "सान इसिद्रोच्या जत्रेला चर्चच्या सभागृहात माझा तोमिनेहो लागेल," तो म्हणाला. "पिसन् पीस मोजून घ्या." पाद्रीबाबा तिथेच साबण घेत होते. त्यांनी भिंतीवरचा मधला खिळा त्याच्या नावाने राखून ठेवला. झालं, आता माघार नाही.

जत्रा तोंडावर आली तरी फांदी रिकामीच. मग एका पहाटे दहिवर पडलं. कुस्तोदियो बागेत गेला तर फुक्सियाच्या डहाळीवर तोमिनेहो बसलेला. पिसं फुगवून गोळा झालेला, डोळे मिटलेले, चोच सरळ आभाळाकडे.

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थंडीच्या रात्री तोमिनेहो मरतो आणि ऊन लागलं की परत येतो. त्याला हात लावायचा नाही, त्याच्या आणि उन्हाच्या मधे उभं राहायचं नाही. कुस्तोदियोच्या आजीने हा धडा त्याला कानाखाली वाजवून दिला होता.

त्याने डहाळी अलगद मोडली. पक्ष्यासकट ती मागच्या पडवीत नेली, निळ्या कुंडीतल्या फुलांत खोचली. तिथे उजेड येतो, ऊन येत नाही. तेच तर त्याला हवं होतं.

फोटो असे निघाले की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. गळ्यावरची हिरवी चमक, पायाची नखं, सगळं स्पष्ट. मग त्याने कुंडी फिरवली. मग मागे चादर धरली. तिकडे फुक्सियावर ऊन चढलं, मोडलेल्या डहाळीच्या जागेवर चांगलं पसरलं. त्याने ते पाहिलं. "अजून एकच," तो पक्ष्याला म्हणाला. त्यानंतर आणखी एकच.

उबाल्दिना अरेपांची, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांची, ताटली घेऊन पडवीत आली. "अहो, ऊन कधीचं आलंय. हा हलत का नाही?"

कुस्तोदियोने डहाळी घाईघाईने उन्हात नेली. पक्षी एकदा थरथरला, थांबला, आणि डहाळीवरून कलंडून त्याच्या तळहातावर पडला. त्याचं वजनच लागलं नाही.

उबाल्दिनाने ताटली जमिनीवर ठेवली, पक्षी त्याच्या हातातून काढून घेतला आणि शालीखाली गळ्याशी धरला. बोटाने साखरपाण्याचा थेंब चोचीला लावत राहिली. अरेपा गार झाले. कुस्तोदियो गळ्यात कॅमेरा अडकवून समोर उभा. तो काढून ठेवावा, एवढंही त्याला सुचलं नाही. बऱ्याच वेळाने शालीखाली भुणभुण सुरू झाली. पक्षी कसाबसा कुंपणाच्या भिंतीवर गेला, बसला, मग ओब्दूलियाच्या बागेकडे उडाला.

"जगला," कुस्तोदियो म्हणाला.

"माझ्याकडे बघून नका म्हणू."

"जत्रेत कुणी विचारलंच, तर आपणहून बसला होता म्हणून सांग."

"मला विचारलं तर मी अरेपा भाजत होते. खोटं तुमचं तुम्ही बोला."

जत्रेच्या दिवशी फोटो मधल्या खिळ्यावर लागला, खिडकीएवढा मोठा. लोक येत होते, बघत होते, "सुंदर" म्हणून पुढे सरकत होते. इतके महिने सालं काढणारा नेपो हॅट हातात घेऊन उभा राहिला, जशी मयताच्या घरी घेतात. "छान आहे, कोंपाद्रे," एवढंच म्हणाला. टोमणा नाही, काही नाही.

तेव्हा कुस्तोदियोने आपला फोटो पहिल्यांदा गावाच्या डोळ्यांनी पाहिला. फुगलेली छाती, वर गेलेली चोच, मिटलेले डोळे. सभोवती लख्ख दिवस. आणि पडवीतली निळी कुंडी, जी अख्खी गल्ली ओळखते. भिंतीवर सगळं कबूल करून ठेवलं होतं, तेही स्वतःच्या हाताने, चौकट करून. कान असे तापले की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटलं.

म्हातारी ओब्दूलिया जवळ आली. "कुस्तोदियो बाळा, कुठे बसला होता रे हा?"

"बागेत. आपणहून."

"असं होय." तिने त्याच्या दंडावर थोपटलं. "थंडी फार पडली यंदा." आणि ती पलीकडे मांडलेलं भरतकाम बघायला गेली. थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

इतक्यात पाद्रीबाबांनी जाहीर केलं, की पुढच्या जत्रेच्या पोस्टरवर हाच फोटो छापायचा. लोकांनी हळूच टाळ्या वाजवल्या. उबाल्दिनाने वाजवल्या नाहीत. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिला त्याच्यापायी मान खाली घालावी लागतेय, हे मात्र त्याला पाहवेना.

तो भिंतीपाशी गेला आणि फोटो खिळ्यावरून काढला.

"हा झोपला होता," तो म्हणाला. "मी डहाळी मोडली. ऊन आलेलं दिसत होतं, तरी सावलीत ठेवला. मेलाच होता. हिने वाचवला."

मग ओब्दूलिया भरतकामापाशीच उभी राहून म्हणाली, "ते आम्हाला आत शिरतानाच दिसलं, बाळा. तू कधी सांगतोस, तेवढीच वाट बघत होतो."

नेपोने गरम गुळाच्या पाण्याचा पेला आणून त्याच्या हातात दिला. कुस्तोदियोला तो कुणाच्याही नजरेला नजर न देता संपवावा लागला, आणि पेला होता मोठा.

फोटोचं तोंड छातीकडे करून तो चौकातून घरी निघाला. ओट्यांवरची माणसं रोजच्यासारखी रामराम करत होती, तो खाली बघूनच उत्तर देत होता. रागावली की उबाल्दिना दहा पावलं पुढे चालते. आज ती शेजारी होती.