बद्द

आबा कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायचे. माठ आणि नारळ कोणीही वाजवतं. आबांनी माझ्या लग्नात आहेराचा कुकर भर मांडवात वाजवला होता, आणि माझ्या सासूबाई बघतच राहिल्या. पण आबांचं कामच ते. आमच्या फौंड्रीत ओतलेला प्रत्येक लोखंडी भाग त्यांच्या हातोडीखालून जायचा. खणखणीत वाजला तर खडूची खूण. बद्द वाजला तर आत तडा, म्हणजे परत भट्टीत. सगळे पाठीमागे त्यांना 'बद्दआबा' म्हणायचे, आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

मी ऑफिसात नव्यानं लागले होते. इंग्रजीत एम.ए. झालेली, शहरातल्या राजारामपुरीतून इस्त्रीचा ड्रेस घालून गाडीवर येणारी. पहिल्याच आठवड्यात आबांनी हाक मारली, "पोरी, हिकडं ये. आईक." दोन भाग वाजवून दाखवले. मला दोन्ही सारखेच वाटले. "उद्या कान धुवून ये," म्हणाले. मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत तीच शिकवणी. ऑफिसातल्या बाईला याचा काय उपयोग, असं मी विचारलं तर म्हणाले, "कागदावर सही करतीस न्हवं? मग कशावर करतीस त्ये कळाय नको व्हय?"

पुढे एका परदेशी कंपनीनं फौंड्रीत मोठा हिस्सा घेतला. गेटवर नवी पाटी लागली, आवारात झाडं आली, कायम कामगारांना बाहेरदेशातली भारी हेल्मेटं मिळाली. कंत्राटी माणसांच्या डोक्यावर मात्र जुनीच राहिली. त्यातल्या एकाला भट्टीजवळ साखळीचा हूक लागला. हेल्मेट दुभंगलं, कपाळाला टाके पडले. तेव्हापासून सगळ्यांना नवी हेल्मेटं द्या म्हणून आबा हात धुवून मागे लागले. मॅनेजरसाहेब म्हणायचे, ते ठेकेदारानं बघायचं. ठेकेदार म्हणायचा, ते कंपनीनं बघायचं. "डोस्की काय कंत्राटावर आणल्यात व्हय?" आबा साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून ओरडले.

परदेशातून पाहणीला माणूस आला त्या दिवशी कंत्राटी लोकांची हेल्मेटं एकदम पिवळीधमक दिसत होती. मी दुभाषी. आबांना सर्वात जुना कामगार म्हणून पुढे उभं केलेलं, निवृत्तीला सहा महिने उरलेले. पाहुण्यानं हसून विचारलं, सुरक्षेची व्यवस्था कशी वाटते? आबांनी शेजारच्या कंत्राटी माणसाचं हेल्मेट काढून घेतलं आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकलं.

"पावणं, ह्ये बद्द वाजालंय. जुन्याच टोप्या हाईत, तडा गेल्याल्या. रंग लावून आवाज बदलत न्हाय की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून कायम झाले नव्हते, आणि ती नजर मला बरोबर कळली. मी गोड इंग्रजीत सांगून टाकलं, की हे सगळं स्वतः तपासतात आणि समाधानी आहेत. पाहुणा हसला, मान डोलावली.

आबा हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मी बद्द म्हटलं आन् पावणा हसला कसा?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू विचारलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाहुण्याकडे वळले आणि माझंच आधीचं सांगणं खोटं होतं इथपासून सगळं सांगितलं. 'बद्द'ला मात्र इंग्रजी शब्द काही सुचेना, म्हणून तोच ठेवला. पाहुण्याचं हसू मावळलं. त्यानं आबांची हातोडी मागून घेतली, एक पिवळं हेल्मेट वाजवलं, मग स्वतःच्या डोक्यावरचं काढून वाजवलं. खिशातल्या वहीत तो शब्द त्याच्या लिपीत लिहून घेतला.

महिन्याभरात सगळ्यांना सारखी हेल्मेटं आली. आबांना मात्र साहेबांनी उरलेले दिवस भंगाराच्या यार्डात बसवलं. मी रडवेली होऊन भेटायला गेले तर हे तिथंही ठोकत बसलेले! "रडतीस काय? भंगार लबाड बोलत न्हाय. झ्याक चाललंय." निवृत्त झाल्यावर ते मलकापूरला, गावी गेले. मला वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात तोच पाहुणा पुन्हा आला. कंत्राटी माणसांची नवी तुकडी लागली होती, आणि त्यांच्या डोक्यावर पुन्हा तीच रंगवलेली पिवळी हेल्मेटं होती. त्यानं एकाचं हेल्मेट हातात घेतलं, बोटानं ठोकलं आणि मला विचारलं, "बड्ड?"

"मॅडम, जरा सांभाळून," साहेब पुटपुटले.

मी ते हातात घेऊन वाजवलं. कानाला आता शंका नव्हती. "बद्द," मी म्हटलं.

संध्याकाळी आबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"सायबानं डोळं वटारलं असतील?"

"वटारले की."

"वटारू दे." मग म्हणाले, "टोपीचं झालं. आता टोपीखालच्या माणसाला कायम करायचं बघ. मी येतो सोमवारच्या यष्टीनं."