मोठ्या नणंदेला चूक म्हणायचं

आक्काचा बारावीचा इंग्रजी विषय सुटायचा राहिला होता. तो सोडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि गावातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. मी रनाळ्याहून सून म्हणून या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात होतं. आता अंगणवाडीच्या सेविकाबाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांची जागा आक्काला मिळू शकत होती, फक्त बारावी पास असायला हवी होती. नाहीतर बाहेरची कोणीतरी येऊन खुर्चीवर बसणार आणि आक्का शेवटपर्यंत खिचडीची पातेली घासणार. बाकीचे विषय तिने लग्नाआधीच सोडवले होते. इंग्रजीने मात्र दरवेळी तिला बुडवलं होतं.

जुलैच्या परीक्षेचा फॉर्म तिने कुणाला न विचारता भरला आणि मग मला सांगितलं, "तू शहादाले पोऱ्यास्ले इंग्रजी शिकाडस ना? मंग माले बी शिकाड."

ती विनंती नव्हतीच. आक्का विनंती करत नाही.

मला स्वस्थ बसून शिकवता येत नाही. शाळेत वर्गभर फिरत असते, मुलं पाठीमागे मला भिंगरी म्हणतात हेही मला ठाऊक आहे. पण आक्कासमोर फिरणार कशी? संध्याकाळी मी शाळेतून आले की आम्ही घरापुढच्या ओट्यावर बसायचो. मी डोक्यावरचा पदर सावरत फ्रेज आणि क्लॉज समजावायचे. शब्दांचा नुसता गट म्हणजे फ्रेज. त्यात स्वतःचा कर्ता आणि त्याचं क्रियापद आलं की तो क्लॉज. 'इन द बिग ग्रीन फील्ड निअर द रिव्हर' ही फ्रेज, कारण एवढ्या लांबणीत कुणी काही करतच नाही. 'ही केम' हा क्लॉज, कारण कुणीतरी आलं. हे मी सांगायचे, ती मान डोलवायची आणि लिहिताना बरोब्बर उलटं लिहायची. लांब दिसेल तो क्लॉज, आखूड दिसेल ती फ्रेज. केळीचा घड पाहून वजन सांगावं तसं ती वाक्य नुसतं नजरेने जोखायची.

शाळेतलं मूल असतं तर मी केव्हाच ओरडले असते. पण आमच्या घरात मोठ्या नणंदेला तोंडावर चूक म्हणायची पद्धत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर आम्ही 'आज भाकरी जास्त खपली' असं म्हणतो. त्याच चालीवर मी आक्काला म्हणायचे, "हो आक्का, आणि असंही लिहितात." मग खरं उत्तर सांगायचे. ती दोन्ही उत्तरं मनात ठेवायची. आतून मी नुसती तडफडत होते. पायाची बोटं आवळत होते, पेनाचं टोपण चावून चावून त्याचा चोथा केला होता. एवढं करून 'चूक' हा शब्द काही तोंडातून निघत नव्हता.

शेवटी मी एक सराव पेपर तिच्याकडून सोडवून घेतला आणि आमच्या शाळेतल्या दुसऱ्या इंग्रजीच्या सरांकडे तपासायला दिला. त्यांना काय, आक्का त्यांची नणंद थोडीच होती! पेपर लालेलाल होऊन आला. आक्का सपशेल नापास.

तिने तो चुलीपाशी उभं राहून पाहिला. तव्यावरची दादर ज्वारीची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतलं सम्दं चूक व्हतं, तर तू माले का बरं सांगं नही?"

"आक्का, तुम्ही मोठ्या शेतस," मी पुटपुटले.

"मन्हा मान ठेईसन तू मन्हं वाटोयं करी ऱ्हायनी! शायाना पोऱ्यास्ले जशी बोलस, तशीच माले बोल."

मला रागच आला. इतकी वर्षं जी पद्धत मला शिकवली, तिचंच खापर माझ्या डोक्यावर? पण दुसऱ्या दिवशी मी पदर कमरेला खोचला आणि ओट्यावरून उठले. अंगणात येरझाऱ्या घालत शिकवायला लागले. "चूक! परत! कर्ता कुठे आहे? दाखवा बोट ठेवून. नाही ना? मग क्लॉज कसा झाला?" खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मिठापासून सगळं त्यात बाहेर पडलं असावं.

सासूबाई दारात येऊन थिजल्या. "अशी बोलतस का मोठी नणंदले?"

आक्काने मान वर न करता सांगितलं, "माय, तू गप ऱ्हाय. आठे ती मास्तरीन शे."

ती रडली नाही असं नाही. दोनदा उठून आत गेली, तोंड धुऊन परत आली. पण हळूहळू तिचं बोट आपसूक कर्त्यावर जाऊन थांबायला लागलं. वाक्य लांब की आखूड, हे पाहणं तिने सोडलं.

परीक्षेला मी तिच्याबरोबर शहाद्याला गेले. ती आत गेली आणि मी बाहेर. फाटकापासून एसटी स्टँडपर्यंत जायचं, तिथे चहा मागवायचा, तो अर्धा टाकून परत फाटकापाशी यायचं. मला काही सुचत नव्हतं. स्वतःच्या परीक्षेला मी इतकी घाबरले नव्हते. नापास झाली तर तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

ती हसत बाहेर आली. इतकी हसताना मी तिला लग्नाकार्यातही पाहिलं नव्हतं. 'व्हेन द रेन स्टॉप्ड, वी वेन्ट होम', याचं सिंपल वाक्य, म्हणजे दोन क्लॉजचं एकाच क्लॉजचं वाक्य, करायला आलं होतं. तिने लिहिलं होतं, 'वी वेन्ट होम व्हेन द रेन स्टॉप्ड'. क्लॉज तसाच होता, पुढचा उचलून मागे ठेवला एवढंच.

"बराबर शे ना?" तिने विचारलं.

आजूबाजूला पोरं, त्यांचे आईबाप, रिक्षावाले. हो म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पेपर तर होऊन गेला होता. निकालापर्यंत तरी ती सुखात राहिली असती. माझ्या घशाशी 'हो' आलंही होतं.

"चूक शे, आक्का," मी म्हटलं.

तिचं हसू विरलं. "मंग मी पास नही व्हसू?"

"माले माहीत नही."

घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर निकालापर्यंत घरात सगळे तिला 'होशील गं पास' म्हणत होते, सासूबाई तर उठता-बसता. ती ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. मला झोप लागत नव्हती. मी विनाकारण माळे आवरत होते, डबे काढून पुसत होते.

निकालाच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर तिचा नंबर टाकला. पान उघडता उघडेना. उघडलं तेव्हा मी ते तीन-चार वेळा वाचलं, शेजारच्या बाईंकडूनही वाचून घेतलं. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिळेल त्या रिक्षाने गावात आले आणि थेट अंगणवाडीत घुसले. आक्का मागच्या नळावर पातेलं घासत होती.

"आक्का, तुम्ही पास व्हयन्यात."

पुरावा म्हणून मी धापा टाकत मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू सांगी ऱ्हायनी ना," ती म्हणाली, "मंग खरं शे." आणि राखेने भरलेल्या हातांनीच तिने मला जवळ ओढलं.