‘हिंद’ या शब्दाशेजारचा आकडा

कडा गावाच्या वेशीत टांगा शिरला तेव्हा पाटलांनी हात करून तो थांबवला आणि म्हणाले, “मास्तर, आता घाई करू नका.” तेवढ्यावरून मी समजलो. शाळेच्या कामासाठी मी बीडला गेलो होतो. तेवढ्यात विश्वनाथराव गेले. मला लिहिण्याची सवय नाही. या वयात प्रथमच धीर करीत आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

येथल्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेतच, ते कवायत शिकवीत, मी मराठी. औरंगाबादेस शिकत असताना त्यांना हॉकीचे वेड लागले. कड्यात हॉकीची काठी कोठून मिळणार? टोकाशी वाकलेली बाभळीची फांदी हेरत ते नदीकाठाने हिंडत आणि मिळाली की लहान मुलासारखे ती मला दाखवायला आणीत. पुढे क्षयाने अंथरुणाला खिळवले, काठ्या कोपऱ्यात गेल्या... पण यंदा हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकसाठी आम्स्टरडॅमला निघाल्याचे कळले आणि त्यांच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. पाटील एकदा चेष्टेने म्हणाले, “आपला संघ, आपला संघ, कावून? त्यो इंग्रजी मुलखातला. आपण निजामाची रयत.”

“तुमचा जावई नगरचा, म्हंजी इंग्रजी मुलखातलाच हाय,” विश्वनाथराव म्हणाले. “परमुलखी म्हणून पंगतीतून उठवता का त्याला?”

त्यानंतर पाटीलच रोज खिडकीशी येऊन विचारू लागले, “आला का आपला कागद?”

हैदराबादचे उर्दू वर्तमानपत्र टपालाने शिळे होऊनच येई. विश्वनाथरावांची दृष्टी अधू झालेली. पहिल्या दोन सामन्यांचे निकाल मी वाचून दाखवले. बेल्जियमवर नऊ गोल झाल्याचे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले. मी बीडला निघालो तेव्हा त्यांनी पत्नीला, यमुनावहिनींना, जवळ बसवून उर्दूतला ‘हिंद’ हा एक शब्द ओळखायला शिकवला. वहिनींना मराठी तेवढे वाचता येते. “ह्या शब्दाशेजारचा आकडा सांगायचा, बस,” ते म्हणाले. उर्दूतले आकडेही निराळे असतात, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

डेन्मार्कबरोबरच्या सामन्याचा अंक आला. उर्दूतला पाच आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो आणि उर्दूतले शून्य म्हणजे नुसता ठिपका. वहिनींनी ‘हिंद’ बरोबर शोधला आणि शेजारी दिसले ते सांगितले, “शून्य.”

त्यांनी अंकाची घडी घालायला लावली. मग म्हणाले, “लांबचा प्रवास... दमली असतील पोरं.” दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

हे सारे वहिनींनीच मला दिवसकार्य आटोपल्यावर सांगितले, तो अंक माझ्यापुढे ठेवून. “भावजी, तुमी नीट वाचा बरं. हरलेच न्हवं?”

मी निकालाची ओळ वाचली. ‘होय’ म्हणणे फार सोपे होते. पण ज्या विजयाची त्यांनी अखेरपर्यंत वाट पाहिली, तो त्यांच्याच घरात मी कसा नाकारणार? “वहिनी, हा पाच आहे,” मी म्हणालो.

वहिनींनी आकड्यावर बोट ठेवले. “म्हंजी मीच त्यांना हरवून धाडलं...”



मध्ये टपाल रखडले; पुढे अखेरच्या सामन्याची बातमी आली. हिंद तीन, हॉलंड शून्य. सुवर्णपदक आपले, आणि सगळ्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल नाही. पाटलांनी वेशीत गूळ वाटला. मी अंक घेऊन गेलो, तेव्हा वहिनींनी मला ओसरीवर बसू दिले नाही; थेट विश्वनाथरावांच्या खोलीत नेले. बाज कोणी हलवली नव्हती. उशी अजून मध्यभागी दबलेली होती.

“हितं वाचा,” त्या म्हणाल्या.

मी उभ्यानेच वाचू लागलो. माझा आवाज मुळात लहान. वर्गातही तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

“मोठ्यानं, भावजी,” दारातून वहिनी म्हणाल्या. “शेवटी शेवटी त्यांना हळू बोललेलं ऐकू येत न्हवतं.”

मी पहिल्या सामन्यापासून सगळे निकाल मोठ्याने सांगितले. डेन्मार्कचा दोनदा.