बाभळीची काटी

दोन हजार सालानंतर नाशिकच्या लोकांना गिअरच्या सायकलींचं वेड लागलं आणि दर रविवारी आमच्या मळ्यातल्या बांधावरून त्यांची धाड डोंगराकडे जायला लागली. मळ्याच्या तोंडाशी आम्ही गुरं शिरू नयेत म्हणून बाभळीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी लावायचो. गावात शेंबडं पोरही ती सरकवली की परत लावतं. हेल्मेटातले हे शहाणे मात्र पंक्चरच्या भीतीनं ती लांब भिरकावून द्यायचे. एकदा तिथूनच मोकाट गुरं शिरली आणि त्यांनी काढणीला आलेल्या कोथिंबिरीचा फडशा पाडला.

पुढच्या रविवारी आईनं आणि मी अख्ख्या बांधावर काट्या पसरल्या. सायकलवाल्यांचा म्होरक्या आईवरच खेकसला, "मावशी, आमचा रस्ता का बंद केला?"

आई म्हणाली, "तुझ्या घराचा पत्ता दे. पुढल्या रविवारी म्हशी तुझ्या हॉलमधून नेते."