घंट्याचे वर्कर आणि न वाजलेला फोन

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या संगणकवाल्याला सगळी इमारत घंट्या म्हणते. नाव मीच ठेवलं. उगाच दुसऱ्याला श्रेय नको. त्याची कंपनी लोकांची भाड्याने घेतलेली, कुठेतरी लांब चालणारी यंत्रं सांभाळते. यंत्राचं काही दुखलंखुपलं की सूचना सुटते, आणि पूर्वी ती थेट याच्या फोनवर आदळायची. जेवताना घंटा, आंघोळीत घंटा.

मग त्याने सूचनांना रांगेत उभं केलं आणि रांगेवर छोटे प्रोग्राम बसवले. ऑफिसात त्यांना वर्कर म्हणतात. एकेक सूचना उचलायची, फुटकळ असेल तर टाकून द्यायची, गंभीर असेल तर पाळीवरच्या माणसाचा फोन वाजवायचा. पगार मागत नाहीत, म्हणून मालक खूश.

पाळीवर होता घंट्याचा मेहुणा. यानेच चिकटवलेला. एका दुपारी रक्त तपासणाऱ्या लॅबच्या यंत्रातली साठवणीची जागा भरली, सूचना सुटूनही कुणी धावलं नाही आणि त्या दिवसाचे रिपोर्ट साठलेच नाहीत. गेले ते गेले. "झोपला असणार," म्हणत मालकाने मेहुण्याला घरी बसवलं.

"दाजी, फोन वाजलाच नाही हो!"

मेहुणा पडला गप्पिष्ट. चहाला गेला की हरवतो, असा लौकिक. सासुरवाडीला जेवताना घंट्याने त्याला सासूबाईंसमोर विचारलं, "मला तरी खरं सांग. डोळा लागला होता ना?"

मेहुणा भरल्या ताटावरून उठला.

नवरा-बायको घरी आल्यावर जे झालं ते मला भिंतीतून ऐकू आलं. कान काही बंद करता येत नाहीत.

"अहो, तुमच्या वर्करांना विचारलंत का एकदा तरी?"

"ते चुकत नाहीत गं."

"आणि माझा भाऊ तेवढा चुकतो!"

चिडून घंट्याने दुसऱ्या दिवशी एक खोटी सूचना सोडली आणि ती उचललेला वर्कर मधेच बंद पाडला. काम अर्धवट राहिलेली सूचना रांगेत परतायला हवी होती. परतली नाही. घंट्याने वर्करला शिकवलं होतं, सूचना हातात घेताच रांगेला 'काम झालं' कळवायचं. कळवायला हवं होतं फोन वाजल्यावर! पार्सल दारात द्यायच्या आधीच पोचल्याची सही. लॅबच्या त्या दुपारीही वर्कर असाच वाटेत कोलमडला आणि सूचना त्याच्याबरोबरच गेली.

घंट्याने सगळ्यांदेखत मालकाला सांगितलं. मालकाने वर्कर दुसऱ्याच्या हाती दिले आणि मेहुण्याला परत बोलावलं. तो जाईना. घंट्या सासुरवाडीला गेला, दारातच उभा राहिला.

"चूक माझी होती रे. चल कामावर."

"मालकाचा राग नाही, दाजी. त्यांचा मी कोण? तुम्ही आईसमोर विचारलंत."

सासूबाईंनी पाणी आणून दिलं. बसा मात्र म्हणाल्या नाहीत. हे मला त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं. ती अजून माहेरीच आहे.